ग्रुपवर गप्प बसणाऱ्यांनो

२०१८ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. २७ तारखेला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली होती. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक जादा डोस द्यायचा होता. बहुतेक काम शाळांमधून चाललं होतं. त्याच आठवड्यात आमच्या खानदानच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओ आला. कुणी एक ‘डॉक्टर साहब’ उर्दूत सांगत होते की ही सुई फक्त आपल्या मोहल्ल्यांतल्या शाळांत देताहेत, मुलींना पुढे औलाद होणार नाही, त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवू नका. बडे मामूंनी तो पुढे ढकलला होता आणि खाली हात जोडल्याचे चार इमोजी टाकले होते.

मी तो ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकला. हसलो. ग्रुप म्यूट केला आणि डोळे मिटले.

ग्रुपवर तेव्हा साठ-पासष्ट माणसं होती. त्यांत तीन इंजिनिअर, एक बीयूएमएस डॉक्टर, एक मेडिकल स्टोअरवाला आणि दोन शिक्षिका. कुणीही एक ओळ लिहिली नाही. मोठ्यांशी वाद कशाला घाला, उगाच ‘चार बुकं जास्त शिकला’ म्हणतील, असं प्रत्येकाला वाटलं असणार. मला तरी वाटलं. त्याच महिन्यात माझा मुलगा नऊ महिन्यांचा झाला होता आणि मी त्याला कोंढव्यातल्या एका खासगी बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन गोवराची लस टोचून आणली होती. त्याचं पहिलं दात आलेलं हसू ग्रुपवर टाकलं होतं, लसीचं काही टाकलं नाही.

माझी मावसबहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, लग्न होऊन सोलापूरहून भिवंडीला गेली. नवरा यंत्रमागावर. तिने तो ऑडिओ ऐकला आणि सहा वर्षांच्या मुलीला दोन दिवस शाळेत पाठवलं नाही. त्या मुलीला लहानपणी पहिला डोस मिळाला होता की नाही हे सांगता येत नव्हतं, कारण घर बदलताना कार्ड हरवलं होतं. सरसकट डोस देण्याची मोहीम असते ती नेमकी अशाच मुलांसाठी. पण हे आपाला सांगणार कोण? तिला ऑडिओ मिळाला होता आणि त्याच्या खाली आमची शांतता.

चार वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मुंबईत गोवर पसरला. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, म्हणजे महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या वस्त्यांतून लहान मुलं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. केंद्राचं पथक आलं. भिवंडी आणि मालेगावचीही नावं यादीत आली. आपाच्या मुलीला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, आठवड्याभरात ती बरी झाली. मग तिच्या दीड वर्षाच्या भावाला आला. त्याला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस तो दवाखान्यात होता, त्यातले चार ऑक्सिजनवर. मी दुसऱ्या दिवशी पुण्याहून पोहोचलो आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, जसं आपण शिकलेले लोक करतो तसं, आपाला समजावू लागलो की लस घेतली असती तर हे टळलं असतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “तेरेकु मालूम था ना? फिर बोलना था ना.”

हा लेख मी त्या वाक्यानंतर लिहायला हवा होता. तेव्हा लाज वाटत होती म्हणून लिहिला नाही.

तो मुलगा लसीविना कसा राहिला, हे मी नंतर नीट विचारलं. माझ्या कामात एखादी गोष्ट बंद पडली की पहिली सवय असते ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणण्याची. लॉग उघडून बघितला की बहुतेक वेळा चूक आपली निघते. आपाचा लॉग असा: मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यातच बीसीजी झाली, डाव्या दंडावर. दीड महिन्याने पेंटाव्हॅलंटची सुई मांडीत दिली. रात्री ताप चढला, मांडी सुजली, मूल दोन रात्री रडत होतं. नवरा रात्रपाळीला. सासूबाई म्हणाल्या, चांगल्या मुलाला आजारी करून आणलंस. पुढच्या वेळी घरी आलेल्या बाईंना आपा म्हणाली, “ताप क्यूं आया, पहले वो बताओ.” त्या बाईंना अजून चाळीस घरं करायची होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. काय लिहिलं ते मला नंतर कळलं: नकार.

नकार! आपाने नकार दिलाच नव्हता. तिने एक सवाल विचारला होता.

आणि त्या सवालाचं उत्तर अगदी सोपं आहे. सरकारी पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जिवाणू असतो. शरीर त्याच्याशी दोन हात करायला शिकतं, म्हणून ताप येतो, सुईची जागा सुजते, दिवस-दोन दिवसांत उतरतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं, अंगावर पाजत राहायचं, सुजलेल्या जागी चोळायचं नाही. झालं. खासगीत ‘पेनलेस’ म्हणून जी महागडी लस मिळते तिच्यात त्या जिवाणूचे फक्त काही अंश असतात, म्हणून ताप कमी येतो. मी माझ्या मुलाला ती दिली. त्याला ताप आला नाही, आणि त्यामुळे मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं की भिवंडीतल्या बायका उगीच घाबरतात. (अख्ख्या जिवाणूच्या लसीचं संरक्षण उलट जास्त काळ टिकतं. म्हणजे पैसे मोजून मी रात्रीची झोप विकत घेतली होती, मुलाची तब्येत नव्हे.) ज्याच्या मुलाला कधी ताप आला नाही त्याने तापाला घाबरणाऱ्या आईला जाहिल म्हणायचं, हा आपला, म्हणजे तुमचा-माझा, सभ्यपणा.

आता सरकारकडे येतो, कारण त्यांनाही सोडायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोव्हिडची लस मुस्लिमबहुल भागांत कमी घेतली जातेय म्हणून तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं की सलमान खान आणि धर्मगुरू यांची मदत घेऊ. सलमान खानशी माझं वैर नाही. पण मला सांगा, तीन महिन्यांच्या मुलाची मांडी का सुजली, हे सलमान खान सांगणार आहे का? आमच्याबद्दल सरकारी कल्पना अशी आहे की आमच्या डोक्याला दोनच किल्ल्या लागतात, एक सिनेमाची आणि एक मशिदीची. मधे कुणी नर्स, शिक्षिका, इंजिनिअर, गृहिणी नाहीच. आणि आम्हीही ती कल्पना आनंदाने मान्य केली आहे, कारण मग आमच्यावर काही काम येत नाही.

इमाम साहेबांच्या ऐलानाचा उपयोग होतो, मी पाहिलं आहे. कुठल्या दिवशी, कुठल्या शाळेत, किती वाजेपर्यंत, हे जुम्याला सांगितलं की बाप लोकांना कळतं. पण आपल्या बहुतेक मशिदींत जुम्याला बायका नसतात. लसीचा निर्णय होतो स्वयंपाकघरात, सुनेच्या आणि सासूच्या मधे, रात्री दोन वाजता मूल रडत असताना. तिथे लाउडस्पीकर पोहोचत नाही. मौलानांवर आपण असं काम टाकतो जे त्यांचं नाही, आणि मग ते जमलं नाही की ‘मौलवींनी समाज मागे ठेवला’ असा स्टेटस टाकतो.

हे कसं करायचं, याचं उत्तर याच देशात आणि आपल्याच लोकांत सापडलं होतं. २००२ साली पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओ उसळला. त्यात मुस्लिम मुलांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या कितीतरी पुढे होतं. नसबंदीची अफवा तिथेही होती. दारांवर खडूने ‘पी’ आणि ‘एक्स’ लिहिलं जायचं. ‘एक्स’ म्हणजे या घरातलं मूल राहिलं. २००३ पासून युनिसेफ आणि स्थानिक संस्थांनी मोहल्ल्यातल्याच बायका नेमल्या, एकेकीकडे काहीशे घरं. त्या बाहेरून आलेल्या नव्हत्या, कोणाची सून कुणाची आहे हे त्यांना पाठ होतं. अलीगढ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द, देवबंद यांनी पाठिंबा दिला तो वेगळा. पण ‘एक्स’ची घरं पुसली त्या बायकांनी. लोक त्यांना म्हणत, गटार तुंबलंय, प्यायला पाणी नाही, मूल हगवणीने मरतंय, आणि तुम्ही दर महिन्याला फक्त दोन थेंब घेऊन येता? हा राग बरोबर होता. उशिरा का होईना, कार्यक्रमाने तो ऐकला. निवडक ब्लॉकांत साबणाने हात धुणं, हगवणीला ओआरएस आणि झिंक हेही सोबत आलं. देशातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

शक हा मूर्खपणा आहे असं मी म्हणत नाही. आणीबाणीत जबरदस्तीने नसबंदी झाली होती, आपल्या आजी-आजोबांना ते आठवतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने ॲबटाबादमध्ये ओसामाचा माग काढायला हेपटायटिस-बीच्या लसीकरणाचं सोंग केलं होतं, हेही खरं. २०१४ मध्ये व्हाइट हाउसला लिहून द्यावं लागलं की सीआयए लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही. २०२० च्या सुरुवातीला एनपीआरच्या धास्तीने वही घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येकाची भीती वाटत होती, आणि एप्रिलमध्ये तबलिगीच्या नावाने आपल्या भाजीवाल्यांना गल्लीतून हाकललं गेलं. एवढं झाल्यावर मोहल्ल्याने आरोग्य खात्याच्या गाडीला फुलं वाहावीत अशी अपेक्षा करणारा माणूस वेडा म्हणायला हवा. पण या सगळ्या शकाचा हिशेब सरकारकडून घ्यायचा आहे, दीड वर्षाच्या पोराकडून नव्हे. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देतो. तो माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात जण झोपतात तिथे याचा अर्थ काय होतो, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले लागतात. नऊ महिन्यांखालची तान्ही मुलं तर एरवी लस घेऊच शकत नाहीत. ती शेजारच्या मोठ्या मुलांच्या लसीवर जगतात. (२०२२ च्या साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांनाही जादा डोस द्यावा लागला, इतकी वेळ आली.)

आणि गोवर ‘निघतो आणि जातो’ हे आपल्या घरांतलं बोलणं सोडा. कडुलिंबाचा पाला टांगून, अंघोळ बंद करून वाट बघायची ही रीत हिंदूंची म्हणून नावं ठेवायची आणि आपल्याच आजीने तेच करायचं, हे मी सोलापुरात पाहिलेलं आहे. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि जीवनसत्त्व ‘अ’चे डोस द्यावे लागतात, नाहीतर डोळेही जाऊ शकतात. शिवाय गोवर आधीच्या आजारांशी लढून कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या शरीरातली आधीची अँटिबॉडी गोवरानंतर ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली आढळली. ती मुलं कुठली होती? नेदरलँड्समधल्या कट्टर प्रोटेस्टंट घरांतली. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासमध्ये साथ आली ती मेनोनाइट ख्रिश्चन वस्तीतून, आणि दोन मुलं गेली. तेव्हा ‘मुसलमान लस घेत नाहीत’ हे वाक्य टीव्हीवाल्याच्या तोंडी आलं तर हे त्याला ऐकवा. पण घरात ते ढालीसारखं वापरू नका.

हलालचा सवाल उरतो. तो टाळू नका. टाळला की ऑडिओवाला जिंकतो. हो, आपल्याकडच्या गोवर-रुबेला लसीत ती टिकावी म्हणून जिलेटिन असतं. इंडोनेशियात ऑगस्ट २०१८ मध्ये उलेमा परिषदेने फतवा दिला की पुण्यात बनणाऱ्या या लसीत डुकराचे घटक वापरले आहेत, पण गरज मोठी आहे आणि पर्याय नाही, म्हणून ती घेणं जायज आहे. त्याआधी १९९५ मध्ये कुवेतला उलेमा आणि डॉक्टरांच्या बैठकीत मत मांडलं गेलं होतं की मूळ पदार्थ पूर्ण बदलून दुसराच झाला तर तो नापाक राहत नाही. दोन वेगळ्या वाटा, पण दोन्ही परवानगीकडेच जातात. इंडोनेशियात झालं काय? फतव्याचा पहिला अर्धा भाग लोकांपर्यंत पोहोचला, ‘जायज’ हा दुसरा अर्धा वाटेत राहिला. आचे प्रांतात त्या मोहिमेत लसीकरण अगदी तळाला गेलं. अर्धं सांगितलेलं खरं हे पुरत्या खोट्याइतकंच महागात पडू शकतं, म्हणून पूर्ण सांगा, आणि सांगताना ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ म्हणून दटावू नका.

मुलींना औलाद होणार नाही ही अफवा कुठून आली असेल, याचा माझा एक अंदाज आहे. रुबेलाची लस देताना सांगायचं असतं की गरोदरपणी रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन, हृदयाला छिद्र घेऊन जन्मू शकतं. ‘सुई’, ‘मुली’, ‘गर्भ’ हे तीन शब्द एकत्र आले. बाकीचं काम भीतीने केलं. ती सुई त्या मुलीच्या होणाऱ्या बाळासाठी आहे, हे सांगायला मोहल्ल्यातली एखादी बी.एस्सी. झालेली मुलगी पुरेशी होती. ती होतीही. तिला कुणी बोलावलं नाही, आणि ती स्वतःहून गेली नाही.

आपल्या ग्रुपांवर दर पंधरा दिवसांनी ‘मुसलमानांनी जगाला काय दिलं’ ही यादी फिरते. तिच्यात अबू बक्र अल-राझीचं नाव असतं. हजारेक वर्षांपूर्वी त्याने देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे लक्षणांवरून लिहून ठेवलं. त्या यादीला आपण ‘माशाअल्लाह’ लिहितो. तिच्याच खाली गोवराच्या लसीविरुद्धचा ऑडिओ येतो तेव्हा आपलं इंटरनेट बंद पडतं.

भिवंडीहून परतल्यावर मला वाटलं, ॲप बनवावं. इंजिनिअरला दुसरं काय सुचणार! आमच्या भागातल्या आशाताईंना भेटलो, स्क्रीन काढून दाखवल्या. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाल्या, “सर, ॲप आमच्याकडे आधीच तीन आहेत. तुम्ही गुरुवारी दुपारी बारा वाजता दोन बायका घेऊन या.” गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळून उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची. नियम असा आहे की एक मूल आलं तरी कुपी उघडायची, पण तेवढ्यासाठी ते एक मूल दारापर्यंत यावं लागतं. तेव्हापासून मी आणि माझी बायको महिन्यातले दोन गुरुवार त्यांच्याबरोबर फिरतो. ऑफिसला अर्धी रजा टाकतो. बायको आत जाते, मी जिन्यावर बापांशी बोलतो. बहुतेक घरांत कुणी ‘नाही’ म्हणत नाही. विचारतात: ताप येईल का, सर्दी असताना चालेल का, कार्ड हरवलंय, कामावरून सुट्टी मिळत नाही, मागच्या वेळी बाई ओरडल्या. ही पाच उत्तरं पाठ व्हायला मला दोन गुरुवार लागले. (येतो, उतरतो, साध्या सर्दीत चालतं, कार्ड नसलं तरी लस मिळते, सुट्टी आणि ओरडणं याबद्दल मी वॉर्डात लेखी तक्रार दिली आहे आणि देत राहणार आहे.)

तुम्हाला गुरुवार जमत नसेल तर ग्रुप तरी उघडा. तुमच्या मुलाला लस दिली त्या दिवशी फोटो टाका. रात्री ताप आला तर तेही टाका, किती आला, काय दिलं, कधी उतरला. लेख पाठवू नका, लिंक पाठवू नका, कुणी उघडत नाही. ऑडिओला ऑडिओने उत्तर द्या, घरच्या बोलीत, स्वतःचं नाव सांगून. अफवा पसरवणारा ‘डॉक्टर साहब’ नाव सांगत नाही. तुम्ही फलाण्याचा मुलगा, फलाणीचा नातू आहात, हीच तुमची ताकद आहे. मामूंची टिंगल करू नका. ते खोटारडे नाहीत, त्यांना नातवंडांची काळजी आहे आणि त्या काळजीला उत्तर द्यायला इतकी वर्षं त्यांना तोच एक ऑडिओ मिळाला आहे.

मागच्या रमजानच्या आधी तोच ऑडिओ पुन्हा आला. आवाज तोच, फक्त लसीचं नाव बदललेलं. या वेळी मी दीड मिनिटाचा जवाब बोलून टाकला, दखनीत, मधे दोनदा अडखळलो. माझ्याआधी आपाने मुलाचा दवाखान्यातला, नळी लावलेला फोटो टाकला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, “ये सुई नहीं देने से हुआ.” बडे मामूंनी संध्याकाळी ग्रुप सोडला. दोन दिवसांनी आपानेच त्यांना फोन केला, बराच वेळ बोलली, आणि परत ॲड केलं. आल्यावर त्यांनी काही लिहिलं नाही. आठवड्याने मला एकट्याला मेसेज आला: धाकट्या नातवाचा दुसरा डोस राहिलाय, दीड वर्ष उलटून गेलंय, आता चालेल का?

चालतं, मामू. गुरुवारी घेऊन या.